म्हातारा कुत्रा आणि आखडलेले सांधे : ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं का?

वेलदोडा (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:५०

आमचा बंड्या १२ वर्षांचा आहे. लॅब्रॅडॉर, वजन ३८ किलो (हो, माहीत आहे, त्यावर नंतर बोलू). गेले तीन-चार महिने सकाळी उठताना त्याचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. आधी पुढचे पाय टेकतो, थांबतो, मग मागचा भाग कसाबसा उचलतो. पहिली वीसेक पावलं लाकडी बाहुल्यासारखी टाकतो, नंतर मोकळा होतो. जिन्यापाशी जातो, वर बघतो, आणि मला कुठे वर जायचं होतं अशा थाटात परत फिरतो. गाडीत उडी मारणं बंद झालंय.

पण खाणं झकास, शेपूट चालू, आणि एकदाही कुंईकुंई केलेलं नाही. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच पालुपद, वय झालं त्याचं. सासूबाई म्हणतात, “माझेही गुडघे दुखतात, मी करते का तक्रार?” (रोज करतात.)

त्याला खरंच दुखत असेल का? आणि घरच्या घरी काय करता येईल? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

सदूकाका | रविवार, रात्री ११:१५

दुखतंय. रडत नाही म्हणून दुखत नाही, हा घोळ मी स्वतः दोन वर्षं घातलाय. पाय एकदम मुरगळला तर कुत्रा ओरडतो. रोजच्या ठसठशीला ओरडत नाही, तो त्याचं जगणं आकसून घेतो. आमची काळी आधी सोफ्यावर चढायची थांबली, मग पाहुणे आले तरी दारापर्यंत येईना, मग नातवाने कंबरेला हात लावला तर गुरगुरली. आम्ही म्हटलं, म्हातारपणी तिरसट झाली. तिरसट कसली, हात लागला की कळ जात होती तिला.

एक काम करा. सकाळी उठतानाचा, चालतानाचा आणि पायरी चढतानाचा व्हिडिओ काढा. डॉक्टरांच्या टेबलावर हेच प्राणी इतक्या ताठ मानेने उभे राहतात की आपणच खोटे पडतो.

गुरांची_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७:०५

सदूकाकांशी सहमत. व्हिडिओ नक्की आणा.

संधिवातात आत काय होतं ते सांगते. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजतो, सांध्याच्या आवरणाला सूज येते, आतलं वंगण पातळ होतं, कडेने हाड वाढायला लागतं. गंमत अशी की कूर्चेला नसाच नाहीत, ती झिजताना काही कळत नाही. दुखतं ते आवरण आणि खालचं हाड. म्हणजे दुखायला लागेपर्यंत बरंच पाणी पुलाखालून गेलेलं असतं.

कुत्र्यांमध्ये हे नुसत्या वयाने होतं असंही नाही. बहुतेकदा मुळात सांध्याची ठेवण बिघडलेली असते. खुबा खोबणीत सैल बसलेला, कोपराची वाढ नीट न झालेली किंवा कधीतरी गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला. लॅब्रॅडॉरमध्ये खुबा आणि कोपर दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं.

मात्र मागचे पाय ओढणारा प्रत्येक म्हातारा कुत्रा संधिवाताचाच असतो असं धरून चालू नका. आज हे करून बघा : तो उभा असताना मागचा पंजा हळूच उलटा, वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवा. निरोगी कुत्रा लगेच सरळ करतो. तसाच उभा राहिला, किंवा चालताना नखांची वरची बाजू घासली जात असेल, तर संशय मज्जारज्जूवर जातो आणि तपासाची दिशाच बदलते. मोठ्या जातींमध्ये एकाच पायाने लंगडणं दिवसेंदिवस वाढत असेल तर हाडाचा कर्करोगही बघावा लागतो. गोचिडांमुळे होणाऱ्या काही आजारांतही सांधे सुजतात. म्हणून आधी तपासणी, उपाय मग.

वेलदोडा | सोमवार, सकाळी ९:२०

डॉक्टर, पंजा लगेच सरळ केला त्याने. दोन्ही बाजूंनी बघितलं. वर माझ्याकडे असं पाहिलं की हिला काय झालंय.

आता एक कबुली. शनिवारी तो फारच आखडला होता, म्हणून मी माझ्या पाठदुखीची अर्धी गोळी त्याला दिली. आयबुप्रोफेन. बरं वाटलं असं दिसलं म्हणून काल परत अर्धी. चुकलं का?

गुरांची_डॉक्टर | सोमवार, सकाळी ९:२६

चुकलं. परत देऊ नका, आणि ही ओळ वाचून होताच तुमच्या पशुवैद्यांना फोन करा. गोळी किती मिलिग्रॅमची आणि कधी दिली ते सांगा. उलटी, जेवण नाकारणं, डांबरासारखी काळी शी, जास्त पाणी पिणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, थेट घेऊन जायचं.

आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या शरीरात माणसासारखी निचरत नाहीत. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बसतात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायचं नाही. आणि माणसांच्या काही गोड सिरपांत आणि चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असतं, ते तर कुत्र्याला सरळ विष आहे.

दुखऱ्या जागी लावायची मलमंही नकोत. तो चाटणार, म्हणजे पोटात जाणार.

वेलदोडा | सोमवार, दुपारी १:४०

फोन केला, मग घेऊनच गेले. शी ठीक आहे, पोटासाठी औषध दिलंय, रक्त तपासायला घेतलं. आयबुप्रोफेन पूर्ण निघून जाईपर्यंत कुठलंही वेदनाशामक सुरू करणार नाहीत, त्यामुळे एक्स-रे आणि बाकी सगळं पुढच्या आठवड्यात. मला फार अपराधी वाटतंय.

सदूकाका | सोमवार, दुपारी २:१०

वाटू द्या थोडं, मग सोडून द्या. इथे लिहिलंत म्हणून बाकीचे दहा जण वाचले.

थोडक्यात_सांगतो | सोमवार, रात्री ९:३०

(नेहमीप्रमाणे थोडक्यात जमणार नाही.)

आठवडाभर औषध नाही म्हणजे हातावर हात धरून बसायचं असं नाही. फरशी बघा! आमच्याकडे सगळ्यात मोठा फरक औषधाने नाही, फरशीने पडला. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय बाहेरच्या बाजूला सरकतात. न सरकावेत म्हणून तो प्रत्येक पावलाला अंग आवळून चालतो. आपण दिवसभर ओल्या शेवाळावर चालायचं ठरवलं तर संध्याकाळी मांड्यांचं काय होईल, तसं.

मी सुरुवातीला तुकड्या-तुकड्यांनी चटया टाकल्या. झालं असं की आमचा शेरू एका चटईवर उभा राहून पुढच्या चटईकडे बघत बसायचा, मधे समुद्र असल्यासारखा. तेव्हा कळलं की बेटं नको, रस्ता हवा. झोपायची जागा ते पाण्याचं भांडं, तिथून दार, असा सलग पट्टा. खालून रबर असलेल्या चटया किंवा योगा मॅट. नुसती सतरंजी टाकाल तर ती कुत्र्यासकट घसरते, अनुभव आहे.

नखं कापा. वाढलेलं नख आधी टेकतं, पंजा वर उचलला जातो आणि सगळा भार चुकीच्या कोनात सांध्यावर जातो. फरशीवर टकटक ऐकू येत असेल तर नखं वाढलीत. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापा, ते घसरगुंडीचं काम करतात.

झोपायला जाड, अंग न रुतणारी गादी. फार मऊ गादीतून त्याला उठताच येत नाही. आणि थंड जमिनीपासून लांब, वाऱ्याच्या झोतात नको.

गाडीसाठी रॅम्प घेतलात तर पहिल्याच दिवशी गाडीला लावू नका. आमचा शेरू त्याला सापच समजला. आधी जमिनीवर आडवा पसरला, त्यावर खाऊ ठेवला, आठवडाभर नुसता चालवला. मग एका बाजूने वीट. मग दोन. तिसऱ्या आठवड्यात साहेब गाडीत. जिना अगदीच चढायचा असेल तेव्हा पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे रुंद टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा. उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा.

मापात_पाप | मंगळवार, सकाळी ८:००

मी वाट बघत होतो कोणी ३८ किलोवर बोलतंय का.

लॅब्रॅडॉरवरच झालेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे, २००२ मध्ये छापून आलेला. ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्याचं ११.२. शिवाय सडसडीत कुत्र्यांमध्ये संधिवात उशिरा आणि कमी आला. आधीच लंगडणाऱ्या जाड कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांच्या पुढे उतरलं तरी चाल सुधारलेली दिसली आहे. म्हणजे तुमच्याकडे फक्त अडीच किलो!

वजनकाटा नसेल तर हाताने बघा. मूठ वळून बोटांची हाडं चाचपा : फासळ्या अशा लागल्या तर कुत्रा खूप बारीक. हात सपाट धरून पंजाची वरची बाजू चाचपा : फासळ्या अशा लागायला हव्यात. आता तळहाताचा गुबगुबीत भाग दाबा. तुमच्या बंड्याच्या फासळ्या अशा लागत असणार, पैज.

वेलदोडा | मंगळवार, सकाळी ८:४५

पैज जिंकलात. तळहातसुद्धा नाही, उशी.

त्याचं खाणं मी मोजून देते. पण काल सगळ्यांना प्रामाणिकपणे लिहून काढायला लावलं, तर सासरे सकाळी, मुलगा संध्याकाळी आणि सासूबाई ‘फक्त एक तुकडा’ दिवसातून पाच वेळा.

मापात_पाप | मंगळवार, सकाळी ९:१०

बंद करायला सांगू नका, कोणी ऐकत नाही. त्याच्या दिवसाच्या खाण्यातूनच एक वाटी डॉगफूडचे दाणे सकाळी बाजूला काढा आणि लाड करणाऱ्यांच्या हवाली करा. वाटी संपली की लाड संपले.

बेरंग_तेल | मंगळवार, दुपारी ३:३०

ग्लुकोसामीन, सांध्यांसाठी देतात ते पूरक, कोणीच कसं लिहिलं नाही? आमच्या रॉकीला तीन महिने दिलं, पळायला लागला अक्षरशः.

थोडक्यात_सांगतो | मंगळवार, दुपारी ४:००

रॉकीला त्याच काळात आणखी काय चालू होतं?

बेरंग_तेल | मंगळवार, दुपारी ४:१५

वेदनाशामक. आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. पण मला तरी फरक ग्लुकोसामीननेच वाटला.

गुरांची_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:२०

भांडू नका. ग्लुकोसामीनने अपाय सहसा होत नाही, पण उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. आणि एक गोष्ट मान्य करायला जड जाते : चाचण्यांत औषध म्हणून नुसती बिनऔषधाची गोळी दिलेल्या कुत्र्यांचे मालकही ‘फरक पडला’ सांगतात, तेही मोठ्या संख्येने. मालकच काय, डॉक्टरही फसतात. संधिवाताचा स्वभाव चढ-उताराचा आहे. आपण औषध आणतो ते सगळ्यात वाईट दिवसांत, त्यानंतर थोडं बरं वाटणं आपसूकच येतं.

पूरक गोष्टींत त्यातल्या त्यात चांगला पुरावा आहे तो माशाच्या तेलातल्या ओमेगा-३चा. पण त्यालाही काही आठवडे लागतात, मात्रा वजनावर ठरते, आणि तेलाचे उष्मांक मोजायचे (मापात_पाप, तुमच्यासाठी). कॉड माशाच्या यकृताचं तेल म्हणजे ते नव्हे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं इतकी असतात की जास्त झालं तर त्रास. बाटली नीट वाचा.

वेलदोडा | १० दिवसांनी

धागा वर काढते आहे.

एक्स-रे भूल देऊन काढले, कारण शुद्धीवर तो पाय हवे तसे पसरू देईना. दोन्ही खुबे झिजलेत, डावा जास्त, आणि उजव्या कोपरातही आहे. मी फक्त मागच्या पायांकडे बघत होते, पुढचं लक्षातच आलं नव्हतं. रक्तात यकृत-मूत्रपिंड ठीक निघालं. कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक सुरू झालंय, जेवणानंतर रोज एकदा.

तिसऱ्या दिवशी काय झालं असेल? सकाळी मला जिन्याच्या वरच्या पायरीवर बंड्या दिसला. मी रडले, मुलाने आनंदाने चेंडू फेकला, बंड्या धावला, दहा-बारा वेळा. चौथ्या दिवशी पाय टेकवेना.

सदूकाका | त्याच दिवशी

हे अगदी ठरलेलं असतं. औषधाने दुखणं गेलं, खुबा तोच आहे. चेंडू कपाटात ठेवा. पळत जाणं, गर्रकन वळणं आणि करकचून थांबणं, दुखऱ्या सांध्याचे तिन्ही वैरी त्या एका चेंडूत आहेत.

पण चालणं बंद नको. बसवून ठेवलात तर मांड्यांचे स्नायू वितळतात आणि सांध्याला धरून ठेवणारं कोणी राहत नाही. आमचा हिशोब : दिवसातून तीनदा, पट्ट्यात, सपाट आणि मऊ जमिनीवर, दहा-दहा मिनिटं. सुट्टीच्या दिवशीही तेवढंच. एरवी पाच मिनिटं आणि रविवारी दोन तास टेकडी, हा प्रकार सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आखडला तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्मं करा. आठवडाभर नीट राहिला तर दोन मिनिटं वाढवा. जवळ कुठे पाण्यातला व्यायाम करून घेणारे असतील तर फारच छान, पाण्यात शरीराचा भार हलका होतो.

गुरांची_डॉक्टर | त्याच रात्री

सदूकाकांना आता पदवी द्यायला हरकत नाही.

औषधाबद्दल तीन गोष्टी. कारप्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब, जे काही चालू असेल ते डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेतच. बरं वाटत नाही म्हणून मनाने वाढवायचं नाही. त्याच्याबरोबर स्टेरॉइड कधीही नाही. खाजेसाठी जुनी प्रेडनिसोलोनची गोळी घरात पडलेली असते, ती लोक सहज देतात आणि पोटातून रक्तस्राव होतो. आणि उलटी-जुलाब झाले तर पुढची मात्रा न देता फोन. रक्ततपासणी ठरावीक काळाने परत.

याने पुरलं नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध जोडता येतं, सुरुवातीला थोडी झिंग येते. बेडिनव्हेटमॅब नावाचं महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन आहे, वेदनेचा निरोप नेणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अनेक कुत्र्यांना छान लागू पडतं, पण डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र लिहून तोल जाणं, झटके येणं अशा नोंदींकडे लक्ष वेधलं. म्हणून घाबरून नाकारू नका आणि जादू समजून मागूही नका. तुमच्या डॉक्टरांशी बोला.

निवांत | दुसऱ्या दिवशी

माझा प्रश्न साधा आहे. शेक द्यावा की बर्फ?

थोडक्यात_सांगतो | दुसऱ्या दिवशी

रोजच्या आखडण्याला शेक. कोमट, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सुखद वाटला तरच. मधे कापड, दहा-पंधरा मिनिटं, आणि त्याला उठून जाता येईल असं. सकाळी फिरायला नेण्याआधी दिला तर उत्तम. बर्फ फक्त सांधा गरम आणि सुजलेला असेल तेव्हा, तोही कापडात गुंडाळून. (बघा, जमलं थोडक्यात!)

वेलदोडा | अडीच महिन्यांनी

बंड्याची बातमी. वजन ३५.४ किलो. फासळ्या उशीतून बाहेर आल्यात. मी दर रविवारी वहीत पाच गोष्टींना शून्य ते दहा गुण देते : उठणं, पहिली वीस पावलं, पायरी, झोपेतली चुळबुळ, आणि दार वाजल्यावर येतो का. आकडे नसते तर मला वाटलं असतं की काहीच बदललं नाही, कारण मधे दोन आठवडे थंडीने फार वाईट गेले. वही उघडली तर ते वाईट आठवडेही सुरुवातीच्या चांगल्या आठवड्यांपेक्षा बरे निघाले. पायरी मात्र जिथल्या तिथे. तीन, कधी चार. जिना त्याचा राहिला नाही, हे मी मान्य केलंय. आम्हीच खाली झोपतो आता आळीपाळीने.

सकाळचा शेक सासूबाईंनी स्वतःकडे घेतलाय. एक पिशवी त्यांच्या गुडघ्यावर, एक बंड्याच्या खुब्यावर. दोघंही डोळे मिटून बसतात. परवा मी ऐकलं, त्याला सांगत होत्या, “तुझं बरं आहे रे, तुला कोणी वय झालं म्हणत नाही.”

मनीमाऊ | त्याच दिवशी

धागा पूर्ण वाचला, डोळे पाणावले. माझी मांजर १४ वर्षांची आहे, तीही आता ओट्यावर उडी मारत नाही. हेच सगळं तिला चालेल का?

गुरांची_डॉक्टर | त्याच दिवशी

मांजरांनाही संधिवात होतो आणि त्या कुत्र्यांपेक्षाही बेमालूम लपवतात. चटया, गादी, चढायला मधली एक पायरी आणि कमी उंचीची शीची पेटी आजच करा. औषधं मात्र यातली एकही उचलून द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. वेगळा धागा काढा, मी येते तिकडे.